बलूनचे नंबर

काय काम करता, असं कुणी विचारलं आणि मी ‘बलून मारते’ म्हटलं, की समोरचा गालातल्या गालात हसतो. त्याला वाटतं मी वाढदिवसाचे फुगे लावते. मग माझं डोकं तापतं आणि मी समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. इथे मात्र सांगणं भाग आहे.

कारखान्यात कुठलाही भाग बनवायचा तर आधी त्याचं ड्रॉइंग असतं. ड्रॉइंगवर मापं असतात, आणि प्रत्येक मापाला किती कमी-जास्त चालेल याची लिमिट असते. मी कॉम्प्युटरवर एकेका मापाशेजारी छोटं वर्तुळ काढते आणि त्यात नंबर घालते. त्या वर्तुळाला बलून म्हणतात. भाग तयार झाला की इन्स्पेक्टर नंबरवार एकेक माप मोजतो आणि रिपोर्टात त्या नंबरासमोर आकडा लिहितो. एवढंच काम. पण एवढ्याशा कामात माणसं किती घोळ घालू शकतात हे मला विचारा.

माझा एक नियम होता. एकदा मापाला नंबर दिला की तो त्याचाच. लिमिट बदलली तरी नंबर तोच. माप रद्द झालं की नंबरही त्याच्याबरोबर गेला, तो दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. नवं माप आलं तर त्याने मुकाट्याने रांगेत शेवटी उभं राहायचं. त्यामुळे माझ्या जुन्या ड्रॉइंगवरचे नंबर दात पडलेल्या तोंडासारखे दिसतात, नऊनंतर एकदम बारा. पण कितीही जुना रिपोर्ट काढा, सतरा म्हणजे तेच माप. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, ते दाबलं की सगळे बलून वरच्या कोपऱ्यापासून ओळीने नव्याने मोजले जातात. त्या बटणाला मी कधी बोट लावलं नव्हतं.

“तू नंबरांना नातेवाइकांसारखं जपतेस,” दादा म्हणायचा.

“नातेवाइकांपेक्षा बरे आहेत. उलटून बोलत नाहीत,” मी म्हणायचे.

दादा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्याच कारखान्यात फायनल इन्स्पेक्टर. त्याचा शिक्का उठल्याशिवाय काहीही गेटबाहेर जात नसे. ड्रॉइंग वाचायला मला त्यानेच शिकवलं, मी शाळेत होते तेव्हा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आईची भाजी बाजूला सारून. मला या नोकरीला लावलं तेही त्यानेच, आणि लावल्यावर पहिल्याच दिवशी सांगितलं की ऑफिसात मला दादा म्हणायचं नाही. मी म्हणतच राहिले. हळूहळू सगळा कारखाना त्याला दादा म्हणायला लागला.

गेल्या वर्षभरात तो बदलला होता. बोलताना समोर बघायचा नाही. मान जराशी वळवून तिरकं बघायचा, जसं काही तुमच्या मागे कुणी जास्त महत्त्वाचं उभं आहे. लोक म्हणायचे, दादाच्या डोक्यात हवा गेलीय. मलाही तसंच वाटायचं. ड्रॉइंगची प्रिंट दुप्पट मोठ्या कागदावर हवी म्हणून त्याने सांगून पाठवलं, तेव्हा मी कागदाच्या नासाडीवरून त्याला चार शब्द सुनावलेसुद्धा होते. तो नुसता हसला होता.

मग नवे मॅनेजर आले. त्यांच्या टेबलावर पेनंसुद्धा एका दिशेने तोंड करून असत, म्हणून आम्ही त्यांचं नाव टापटीप ठेवलं. टापटीप साहेबांनी माझ्या ड्रॉइंगवर नजर टाकली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मॅडम, नऊनंतर बारा कोणत्या शाळेत येतं?”

“साहेब, दहा आणि अकरा रद्द झालेत.”

“गिऱ्हाइकाला ते कसं कळणार? त्याला वाटतं आपण दोन मापं लपवलीत. नंबर सलग करा.”

मी भांडले. जुने रिपोर्ट जुळणार नाहीत, माणसांच्या डोक्यात नंबर बसलेले असतात, सगळं सांगून पाहिलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी पुन्हा म्हणाले, सलग करा. मी जागेवर जाऊन बटण दाबलं. सगळे बलून क्षणात ओळीला लागले, एकही रिकामी जागा नाही. दिसायला छान दिसत होतं, ते बघून तर मी आणखीच चिडले.

ते ड्रॉइंग सांध्याचं होतं. दवाखान्यात आजारी माणसाला कापडी झोळीत घालून पलंगावरून खुर्चीत ठेवणारं यंत्र असतं, त्याचा लांब हात या सांध्याने खांबाला जोडलेला असतो. सांध्याला एक भोक, भोकात पिन. भोक जरा मोठं झालं की पिन खेळते, आणि पिन खेळली की हात झोळीसकट खाली बसतो. मागे एका दवाखान्यात तसं झालं होतं. एक आजी झोळीत असताना हात वीतभर खाली आला. त्यांना लागलं नाही, पण त्यानंतर त्या झोळीत बसायला तयार होईनात, अंथरुणावरच पडून राहिल्या. ती तक्रार आल्यावर भोकाची लिमिट निम्म्याहून कमी केली. ड्रॉइंगमध्ये तो बदल मीच केला होता. नंबर अर्थात तोच ठेवला होता, सतरा.

नव्या नंबरांच्या ड्रॉइंगवर सांध्यांचा पहिला लॉट तपासून झाला आणि दादाच्या हातचा रिपोर्ट माझ्याकडे आला. हल्ली त्याचे आकडे केवढाले असत. मी वाचायला घेतला आणि माझं पित्त खवळलं. सतरा म्हणजे आता कोपऱ्याची गोलाई, तिथे याने भोकाचं माप लिहिलं होतं. बाराला दहाचं, तेराला अकराचं. आणि दहा नि अकरा या दोन ओळी चक्क कोऱ्या सोडल्या होत्या. म्हणजे या बाबाने नवं ड्रॉइंग उघडूनही बघितलं नव्हतं. जुने नंबर डोक्यात, तेच खाली उतरवले.

टेबलावरचं ड्रॉइंग हिसकल्यासारखं उचललं आणि मी तरातरा तपासणीच्या खोलीत गेले. ती खोली कायम थंड असते, मापात फरक पडू नये म्हणून. मधोमध काळ्या दगडाचं गुळगुळीत टेबल, भिंतीला लागून भोकं तपासायच्या गेजच्या पेट्या. दादा एकटाच होता. माप घ्यायचा डिजिटल व्हर्नियर डोळ्यांसमोर न धरता कानाजवळ धरून बघत होता.

“काय लिहिलंयस हे?” मी म्हटलं. “नंबर बदललेत हे तुला सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलंस की.”

“मग? ड्रॉइंग काय शोभेला ठेवलं होतं? हे घे. वाच मला सतरा नंबर काय आहे ते.”

त्याने कागद हातात घेतला. मान वळवली, कागद खिडकीकडे कलता केला आणि एकही क्षण न दवडता म्हणाला, “सतरा. भोक. पंचवीस, प्लस पॉइंट झिरो फाइव्ह.”

मी कागदाकडे पाहिलं. रागाच्या भरात मी भलतंच ड्रॉइंग उचलून आणलं होतं. त्याच्या हातात होतं ते दुसऱ्याच एका भागाचं, बैठकीच्या पट्टीचं. त्याच्यावर सतरा नंबरच नव्हता. मोजून सात बलून, आणि भोकाचा पत्ता नाही. कागदाचं डोकं खाली होतं.

मी दार लावून घेतलं.

“दादा, तुझ्या हातात काय आहे?”

कागद दगडी टेबलावर ठेवून त्याने तो तळव्याने सारखा केला.

“सांध्याचं नाही वाटतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“वर्ष होईल. मधोमध डाग आलाय. कडेने दिसतं. माणूस दिसतो, रस्ता दिसतो, मोठे आकडे दिसतात. बारीक काही दिसत नाही.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं. चष्म्याने जाणारं नाही म्हणाला. वाढणार म्हणाला.”

“वहिनींना?”

“तिला काही सांगितलेलं नाही. आणि तू सांगायचं नाहीस.”

त्याच्या तिरक्या मानेवरून मी किती टोमणे मारले होते, ते सगळे एकदम आठवले आणि लाज वाटली.

“अगं, घाबरतेस काय,” तो म्हणाला, जणू मीच आजारी होते. “माझा हात चुकत नाही. मोजतो ते बरोबरच असतं. ड्रॉइंग मला पाठ आहे. तू नंबर जागच्या जागी ठेवतेस म्हणून तर सगळं निभावलं. या टापटिपीने घोटाळा केला.”

“दादा, भोकाची लिमिट काय म्हणालास?”

“झिरो फाइव्ह.”

“झिरो टू आहे. त्या आजींच्या तक्रारीनंतर कमी केली. तुला ड्रॉइंग पाठवलं होतं.”

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पाठवलेलं ड्रॉइंग त्याला मिळालं होतं. त्याने त्यावर मिळाल्याची सहीही केली होती. नंबर सतराचा सतराच, जागा तीच, मग त्यात बदललेलं त्याला कसं दिसणार? मी नंबर बदलला असता तर तो तेव्हाच पकडला गेला असता. माझ्या ज्या नियमाचा मी इतकी वर्षं तोरा मिरवला, त्याच्याच आडोशाला तो वर्षभर उभा होता.

“हा लॉट अजून इथेच आहे ना?” मी विचारलं.

“इथेच आहे.”

जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघं तो लॉट पुन्हा घेऊन बसलो. मी लिमिट वाचायची, त्याने मोजायचं. त्याने भोकात गेज असा सोडला की नुसत्या आवाजावरून मला कळावं, हा चालेल, हा बाद. खरंच, त्याचा हात चुकत नव्हता. काही सांधे लिमिटबाहेर निघाले, ते आम्ही लाल पेटीत टाकले. मध्येच त्याने डबा उघडून अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवली. खूप दिवसांनी आम्ही असे शेजारी बसलो होतो आणि, खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं.

“बघ, जमतं की,” तो म्हणाला. “रोज एवढं केलंस तरी पुरे. कुणाला कळायचंही नाही.”

“आणि लिमिट कमी केल्यावर जे लॉट गेले, त्यांचं काय?”

तो गेज पुसत राहिला.

“अजून काही झालं नाही ना,” तो म्हणाला.

दुपारी टापटीप साहेबांनी मला बोलावलं. दादाचा पहिला रिपोर्ट त्यांच्यापर्यंत पोचला होता. मी मनात उत्तरं जुळवत गेले, पण साहेबच पडेल आवाजात म्हणाले, “मॅडम, तुमचंच बरोबर होतं. नंबर बदलायला नको होते. दादांसारख्या जुन्या माणसाचासुद्धा गोंधळ उडाला. जुने नंबर परत लावा. गिऱ्हाइकाला मी समजावतो.”

नोकरीत पहिल्यांदा एका साहेबाने माझं म्हणणं जसंच्या तसं मान्य केलं होतं, आणि मला ते नको होतं. नंबर परत लावले की रिपोर्ट जुळणार, दादा तरणार, साहेब खूश, मी खरी ठरणार. आणि जे सांधे बाहेर गेले ते तसेच राहणार, कुणाच्या तरी आईच्या डोक्यावर.

“करते,” मी म्हटलं आणि बाहेर आले. केलं मात्र नाही.

संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले. तो आंघोळीला गेला होता. वहिनींनी मला स्वयंपाकघरात बसवलं, चहा ठेवला, आणि चहा उकळून भांड्यातून वर आला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

“एक विचारू? खरं सांगाल?” त्या म्हणाल्या. “कारखान्यात कुणी आहे का हो?”

“कुणी म्हणजे?”

“हे माझ्याकडे बघतच नाहीत. बोलताना भिंतीकडे बघतात. परवा नवी साडी नेसले, केस नीट केले, समोर जाऊन उभी राहिले. म्हणाले, आज लाईट गेलेत का?” त्या हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. “या वयात मला हे बघायचं होतं.”

तसं काही नाही वहिनी, एवढंच म्हटलं. त्यांनी अर्थातच विश्वास ठेवला नाही. दादा टॉवेलने डोकं पुसत आला, दाराच्या चौकटीला हात लावून आत वळला आणि नेमका स्वतःच्या खुर्चीत बसला. घरातलंही सगळं त्याला पाठ होतं.

रात्रभर मी नवऱ्याशी न बोलता छताकडे बघत पडून होते. तो दोनदा ‘काय झालं’ म्हणाला आणि नाद सोडून घोरायला लागला. सकाळी माझं ठरलं होतं. पण दादाच्या पाठीमागे जाऊन सांगणं माझ्या जिवावर आलं. सुट्टीची घंटा झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन तपासणीच्या खोलीत गेले आणि त्याच्याजवळ स्टूल ओढून बसले.

“साहेबांना मेल लिहितेय,” मी म्हटलं. “गेलेले सांधे परत मागवायला हवेत. तुझ्यासमोर लिहितेय.”

तो म्हणाला, “मागवू या. पण असं लिही की नंबरांचा घोळ झाला. ते तर खोटं नाही.”

“मग परत आलेले सांधे कोण तपासणार?”

“मी. तू असशीलच शेजारी.”

“आणि मी रजेवर असले तर? आणि पुढच्या वर्षी डाग मोठा झाला तर?”

“हे एवढंच येतं गं मला,” दादा म्हणाला. “शिक्का काढून घेतला तर मी घरी बसून काय करू? रेडिओ ऐकू?”

मी त्याच्याकडे बघितलं नाही. टाइप करत राहिले. दोनदा खोडावं लागलं. जे घडलं ते सगळं लिहिलं, कुठली लिमिट, कुठले लॉट, आणि शेवटी त्याच्या डोळ्यांचं. लिहून झालं तेव्हा माझा हात तसाच की-बोर्डवर राहिला.

“झालं?” त्याने विचारलं. “काय लिहिलंस? वाच.”

स्क्रीन त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. त्याच्यासाठी ती पांढरा उजेड होती, बाकी काही नाही.

“माननीय साहेब,” मी सुरुवात केली. “सांध्याच्या ड्रॉइंगवरचे बलून नव्याने मोजल्यामुळे नंबरांचा घोटाळा झाला असून तपासणी नव्या लिमिटनुसार होऊ शकली नाही. तरी आधी गेलेले लॉट परत मागवावेत ही विनंती.” तोंडातून कसं निघत होतं ते मलाच कळत नव्हतं. त्याला तोंडावर ते सांगण्याची माझी हिंमत झाली नाही. एरवी साऱ्या जगाला फाडून खाणारी मी.

दादाने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, त्याला दिसेल तेवढं.

“तू वाचत नाहीयेस,” तो म्हणाला.

“वाचतेय की.”

“वाचताना तू अडखळतेस, लहानपणापासून. आत्ता सरळ बोललीस.” त्याने हातातला गेज पेटीत ठेवून झाकण लावलं. “जे लिहिलंय ते वाच.”

मग मी वाचलं. अडखळत. लॉट, लिमिट, मी नंबर तोच ठेवल्याने बदल कुणाच्या लक्षात कसा आला नाही ते. शेवटी, ‘इन्स्पेक्टरना ड्रॉइंगवरचे बारीक आकडे कधीकधी दिसत नाहीत, त्यामुळे यापुढे अंतिम तपासणी दुसऱ्या व्यक्तीकडे द्यावी.’ वाक्य पुरं केलं.

खोलीतला एसी घरघरत होता. बाहेर कुणीतरी ट्रॉली ओढत नेत होतं. दादा दगडी टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवून बसला होता.

“एक चूक आहे,” तो म्हणाला.

“कुठे?”

“कधीकधी लिहिलंस ना, ते काढ.”

मी तो शब्द काढला. त्याने वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं, मी वाचलं, आणि तो म्हणाला, आता बरोबर आहे, पाठव.